जे ऐकलं, तेच लिहा

भांडुपच्या टेकडीवर, आमच्या चाळीच्या वरच्या अंगाला परबांचं घर आहे. त्या घरातली रुचिरा साधी बोलायला लागली तरी खाली नळावर उभ्या असलेल्या बायकांना सगळं ऐकू येतं. आवाजच तसा आहे तिचा. आजोबा काशीराम परब कुडाळकडून आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. वडील विद्याधर लिफ्ट दुरुस्त करतात, आई जानकी एका दवाखान्यात पेशंटना नंबर देते. मुलीच्या या आवाजाचं घरात कुणाला फारसं कौतुक नव्हतं. पण ती दहावीत असताना माघी गणपतीच्या कबड्डी स्पर्धेत कॉमेंट्री करणाऱ्या काकांचा घसा बसला. मंडळाच्या पोरांनी गंमत म्हणून हिच्या हातात माईक दिला, आणि मैदानाकडे पाठ करून भेळ खाणारी माणसं वळून सामना बघायला लागली. कोण चढाईला गेलं, कोणाचा पाय रेषेला लागला, कोणी कोणाची टांग धरली, तिच्या तोंडून काही म्हणजे काही सुटायचं नाही. डोळ्यांनी बघितलं की तोंडातून निघतंच, असं ती म्हणते.

पुढे ती मुलुंडला, मी शिकतो त्याच कॉलेजात, बी.ए.ला गेली आणि तिथेही माईक तिच्याकडेच आला. जोडीला सुबोध असायचा. रुचिरा खेळ सांगायची, सुबोध मधे मधे हशा पिकवायचा. जोडी झकास जमली होती.

कॉलेजच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूने खेळणारा एक मुलगा होता. मिझोरमहून शिकायला आलेला, अंगाने बारीक, पण पळायला लागला की मागच्याला फक्त त्याची पाठ दिसायची. सगळे त्याला मुआना म्हणायचे. पहिल्या सामन्याआधी रुचिरा त्याच्याकडे गेली आणि पूर्ण नाव कसं उच्चारायचं ते विचारलं. तो जरा चकित झाला. असं कुणी विचारलं नव्हतं. हजेरी घेतानाही त्याचं 'लाल' एवढंच करून टाकायचे. त्याने सांगितलं, लालमुआनपुइया. ती दोन दिवस जिना चढता-उतरता ते नाव घोकत होती. सामन्याच्या दिवशी तिने ते माईकवरून पूर्ण, न अडखळता म्हटलं, तेव्हा मैदानाच्या त्या टोकाला तो एकदम थांबून हसला होता. तिथून त्यांची दोस्ती.

मुआना कांजूरगावात एथेल आंटींकडे भाड्याने राहायचा. एथेल आंटी म्हणजे तिथल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्याच मूळच्या ख्रिस्ती घरातल्या, नवरा गेलेला, मुलगी वसईला दिलेली. त्या त्याच्याशी मराठीतच बोलायच्या, त्यामुळे त्याचं मराठी एथेल आंटींच्या वळणाचं झालं होतं आणि वर्गातली मुलं त्यावरून त्याला प्रेमाने चिडवायची. ते त्याला आवडायचं.

गेल्या फेब्रुवारीत आंतरमहाविद्यालयीन चषकाचा अंतिम सामना मुलुंडच्या मैदानावर होता. समोर घाटकोपरच्या बाजूचं एक कॉलेज. कॉमेंट्रीचं टेबल प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात लावलेलं, आणि सुबोधने स्टँडवर आपला फोन लावून सामना कॉलेजच्या पानावर थेट दाखवायला सुरुवात केली होती. मैदान फुल्ल. ढोल, शिट्ट्या, धूळ. रुचिराच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. आमच्या संघावर आधी गोल झाला, मग आमच्या गोलकीपरने पुढे येऊन त्यांच्या कॅप्टनला असा काही आडवा पाडला की मैदानात दोन मिनिटं जुंपलीच. ते मिटतंय तोवर मुआनाने डावीकडून चेंडू काढला, दोघांना हुलकावणी दिली आणि बरोबरी केली. मैदान उसळलं.

तेव्हाच घाटकोपरवाल्यांच्या प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने सुरू केलं. 'ए मोमो', 'चायनीज को बाहर निकालो', 'अपने देश जा'. आधी दोघं-तिघं, मग टाळ्यांच्या तालावर बरेच जण. आणि सुबोधने, लोक हसतायत म्हणून, माईकवर म्हटलं की चायनीज माल आहे, पण आज चांगला टिकतोय बरं का. हशा झाला. रुचिराने त्याच्याकडे बघितलं, टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला आणि खेळ पुढे सांगायला लागली, कारण खेळ थांबला नव्हता. शेवटच्या मिनिटांत मुआनानेच दुसरा गोल केला. चषक आमचा. रुचिराचा आवाज फाटला तरी ती ओरडत होती.

सामना संपल्यावर सुबोध वायरी गुंडाळत बसला आणि ती घसा ओला करायला म्हणून बाहेर गेटवर गेली. तिथे चंद्रप्रकाश नावाच्या माणसाचं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. ऊन अजून होतं. संघातली पोरं एकेक करून बॅगा खांद्याला लावून, गात-नाचत बाहेर पडत होती. ती हिच्या समोरून गेली. मागे जरा अंतराने मुआना एकटा, बुटांच्या नाड्या बॅगेला बांधलेल्या, फोनवर कुणाशी तरी हसत बोलत. तो गेटबाहेर आला आणि तिघांनी त्याला घेरलं.

रुचिराला पहिले शब्द ऐकू आले ते असे. 'ए मोमो. कप लेके कहाँ जाता है? तुम चायनीज लोग इधर नहीं चाहिए.' मग एकाने फोन हिसकावून फेकला. मुआनाने काहीतरी म्हटलं, तो भारतीय आहे असंच काहीतरी, आणि पहिली चपराक बसली. तो पडला. मग लाथा.

रस्त्यावर माणसं होती. रिक्षावाले, घरी निघालेले प्रेक्षक, रस पिणारे. सगळे बघत होते. मॅचनंतरचा राडा आहे, पोरांचं पोरं बघून घेतील, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. रुचिराला धावून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी कळलं की ती एकटी गेली तर तीही पडेल. मग तिला जे येतं ते तिने केलं. पोटातून आवाज काढला आणि माईक नसताना सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी सांगायला सुरुवात केली.

"निळा टी-शर्ट, पाठीवर सात नंबर, हा लाथ मारतोय! लाल टोपीवाला त्याचे पाय धरून बसलाय! तिसरा, चेक्सचा शर्ट, शिव्या देतोय! तिघं मिळून एकाला मारतायत, गेटसमोर, आणि आपण सगळे बघतोय!"

ती म्हणते, त्या क्षणी तिला भीती वाटलीच नाही, अंगावर काटा आला तो वेगळाच. कारण रस्ता हलला. नुसती बघत उभी असलेली माणसं पुढे सरकली. रिक्षातून एक बाई उतरली. चंद्रप्रकाश हातातला ऊस तसाच घेऊन धावत आला, त्याच्यामागे आणखी चार जण. सात नंबरवाल्याने वर बघितलं आणि आपला नंबर सगळ्या रस्त्याने ऐकलाय हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचा चेहराच उतरला. जाताना 'अगली बार दिखा तो देख' म्हणून तिघं पळाले.

मुआनाची भुवई फुटली होती आणि मनगट सुजलं होतं. पालिकेच्या दवाखान्यात टाके घातले, हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी कसं लागलं म्हणून विचारलं तर तो म्हणाला, पडलो. रुचिराने तोंड उघडलं आणि त्याने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की ती गप्प बसली. तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

कांजूरगावात पोचल्यावर एथेल आंटींनी त्याला बघितलं आणि काही न विचारता पेज ठेवली. मग तो बोलायला लागला, अगदी सपाट आवाजात, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतोय. खोली बघायला गेलं की दलालाने दार लोटून घ्यायचं. चालत्या गाडीतून अंगावर आलेली बाटली. दुकानात उभं असताना कुणीतरी मुद्दाम नाक दाबणं. प्रत्येक वेळी तो स्वतःला सांगायचा की एवढंच तर आहे. तक्रार केली तर घरी कळेल, घरी कळलं की आई परत बोलावेल, आणि इतक्या लांब येऊन केलेलं शिक्षण तिथेच थांबेल. म्हणून तक्रार नको. एथेल आंटी नुसत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

घरी आल्यावर रुचिराला जेवण गेलं नाही. तिने आजोबांना सगळं सांगितलं. काशीरामांनी ऐकून घेतलं. गिरणीच्या संपाच्या वेळी त्यांनीही साक्षी दिल्या होत्या, म्हणून साक्ष कशी द्यायची ते त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "इचारतील तेव्हा जां आयकलंस तांच सांग गो. वाढवू नको, झाकू नको."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात बातमी अशी पसरली होती: मॅचनंतर राडा झाला, मुआनाला लागलं. बस. क्रीडा सचिव सर्वेश सगळ्यांना सांगत होता की विषय वाढवू नका, नाहीतर पुढच्या वर्षी मैदान मिळणार नाही. रुचिरा थेट मीरा टीचरांकडे गेली. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मीरा टीचर भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, कॉलेजच्या समान संधी कक्षाच्याही प्रमुख होत्या. कक्षाची पाटी जिन्याखाली होती आणि तिथे सहसा कुणी फिरकायचं नाही.

टीचरांनी तिला बसवलं आणि एक साधा प्रश्न विचारला. त्यांनी त्याला का मारलं?

"हरले म्हणून," रुचिरा म्हणाली.

"हरवलं कोणी?"

"आम्ही. म्हणजे सगळ्या टीमने."

"मग सगळ्या टीमला का नाही मारलं?"

कालपासून रुचिराला जे टोचत होतं त्याला एकदम नाव सापडत होतं. टीचर पुढे म्हणाल्या की पाकीटमाराला कुणाचंही पाकीट चालतं, पण या पोरांना दुसरं कुणीच चाललं नसतं. माणूस काय करतो यासाठी नाही, तो कोण आहे यासाठी जेव्हा त्याला मारतात, तेव्हा मार एकाला बसतो आणि धाक त्याच्यासारख्या सगळ्यांना. याला द्वेषातून केलेला गुन्हा म्हणतात. आपल्या कायद्यात या नावाचं वेगळं कलम नाही. मारहाणीचं आहे, धमकीचं आहे, आणि वंश, धर्म, भाषा, जन्मस्थान यावरून तेढ पसरवण्याचं आहे. हाड मोडलेलं नाही; नुसती मारहाण लिहिली गेली तर अदखलपात्र म्हणून नोंद होईल आणि प्रकरण तिथेच राहील. म्हणून मारताना आणि मारायच्या आधी जे शब्द उच्चारले गेले, ते जसेच्या तसे कागदावर आले पाहिजेत. कपडे धुऊ नका, डॉक्टरांचा कागद जपा, कुठे रेकॉर्डिंग असेल तर ते कापू-छाटू नका.

रुचिरा उठलीच. बॅग खांद्याला लावून म्हणाली, मी आत्ताच पोलीस स्टेशनला जाते. टीचरांनी तिचा हात धरला.

"रुचिरा, मार त्याने खाल्लाय. तो म्हणेल तेव्हा जायचं. तू साक्षीदार आहेस, मालक नाहीस."

ते तिला लागलं. पण तिने ऐकलं. दिवसभर ती वर्गात बसली आणि तिला एक अक्षर कळलं नाही.

संध्याकाळी मुआनाचाच फोन आला. आवाज वेगळा होता. त्याच्या मावशीची मुलगी जूनमध्ये नर्सिंग शिकायला घाटकोपरला येणार होती. तिने ऐजॉलमध्ये बसून तो सामना फोनवर थेट बघितला होता. दादाचे दोन्ही गोल बघून ती नाचली होती. आणि आता ती विचारत होती की मागे सगळे टाळ्या वाजवून जे म्हणत होते, त्याचा अर्थ काय? तिला हिंदी कळत नाही; वाटलं होतं, दादाच्या नावाचा जयघोष चाललाय.

"मला अर्थ सांगता नाही आला तिला," मुआना म्हणाला. "उद्या जाऊ या. मी सांगतो पोलिसांना."

रुचिराच्या डोक्यात मात्र दुसराच दिवा लागला होता. म्हणजे घोषणा रेकॉर्ड झाल्यात. तिने धडपडत कॉलेजचं पान उघडलं. सामना गायब होता. सर्वेशने सकाळीच काढून टाकला होता. मूळ रेकॉर्डिंग फक्त सुबोधच्या फोनमध्ये, आणि सुबोध फोन उचलत नव्हता. का उचलत नव्हता ते तिला कळत होतं. तिने त्याला एकच मेसेज टाकला, की पुसू नकोस, एवढंच मागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुआना, रुचिरा, मीरा टीचर आणि चर्चला जायचा झगा घालून एथेल आंटी, अशी वरात पोलीस स्टेशनला पोचली. ठाणे अंमलदार कामात बुडालेला होता. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकलं, भुवईवरचे टाके बघितले आणि म्हणाला, मॅचमधली मारामारी दिसतेय, अदखलपात्र लिहून घेतो, त्या पोरांना बोलावून दम देतो, तुमचं काम झालं. त्याने पेन उचललंसुद्धा.

मग मुआना बोलला. एथेल आंटींच्या वळणाच्या मराठीत, हळू, शब्द निवडून.

"साहेब, मॅचमध्ये त्यांच्या कॅप्टनला आमच्या गोलकीपरने पाडलं. भांडण त्याच्याशी झालं. तो माझ्या पुढे चालत गेटमधून गेला. त्याच पोरांच्या समोरून गेला. त्याला कोणी हात नाही लावला. मी कोणाला धक्कापण नाही मारला."

अंमलदाराचं पेन थांबलं. इतकं साधं, इतकं चोख रुचिरालाही सुचलं नव्हतं. आतल्या खोलीतून नीला नावाच्या फौजदार मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि रुचिराला म्हणाल्या, तू बघितलंस ना, सांग.

रुचिराने सांगितलं. तिला दुसरं येतच नाही, तिने मैदान उभं केलं. गेट कुठे, गुऱ्हाळ कुठे, कोण कुठून आला, कुठल्या पायाने लाथ मारली. अंमलदारसुद्धा पुढे झुकून ऐकायला लागला. नीला मॅडम लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, ते काय बोलले?

इथे रुचिरा पहिल्यांदा अडखळली. एथेल आंटी शेजारी बसलेल्या, मुआना समोर. ते शब्द पुन्हा त्याच्या तोंडावर म्हणायचे? तिने म्हटलं, ते त्याच्या दिसण्यावरून घाणेरडं बोलले. मॅडमनी मान हलवली.

"घाणेरडं म्हणजे काय ते कोर्टाला कळत नाही. जे ऐकलंस तेच लिहायला सांग."

रुचिराने मुआनाकडे बघितलं. त्याने होकार दिला. मग तिने सगळे शब्द सांगितले, जसे होते तसे, एकही न गाळता, आणि पहिली चपराक त्या शब्दांच्या नंतर बसली हेही. मॅडमनी ते अवतरणात लिहून घेतले. मैदानातल्या घोषणांबद्दल सांगितल्यावर त्यांनी विचारलं, पुरावा आहे? आणि रुचिराला सांगावं लागलं की रेकॉर्डिंग होतं, पण आता कुठे आहे ते माहीत नाही.

तेवढ्यात दारात सुबोध उभा. केस विस्कटलेले, झोप न झालेली. तो रुचिराच्या मेसेजवरून आला नव्हता; तो आदल्या संध्याकाळी कांजूरगावात जाऊन, एथेल आंटींच्या दारापर्यंत पोचून, बेल न वाजवता परत आला होता. सकाळी पुन्हा गेला तर शेजाऱ्यांनी सांगितलं की सगळी इकडे आलीत. त्याने फोन टेबलावर ठेवला.

"व्हिडिओ पूर्ण आहे मॅडम. कापलेला नाही. त्यात माझंपण आहे."

मॅडमनी लावला. त्या छोट्या खोलीत मैदानाचा सगळा गोंगाट भरला. घोषणा, टाळ्या, सगळं स्वच्छ. पडद्याच्या कडेला, रेषेपाशी पुढे सरसावून घोषणा सुरू करणाऱ्यांत, पाठमोरा निळा टी-शर्ट, सात नंबर. रुचिरा खुर्चीतून उठलीच. आणि त्याच्या मागोमाग सुबोधचा स्वतःचा आवाज आला, चायनीज मालाचा तो विनोद, आणि हशा. सुबोध जमिनीकडे बघत उभा होता.

मग मुआना म्हणाला, "मी तेव्हाच ऐकलं होतं." त्याने माफ केलं असं म्हटलं नाही आणि रागावलाही नाही. नंतर जिन्यात तो सुबोधला एवढंच म्हणाला की आज आलास ते चांगलं केलंस, बाकी बघू. त्यांचं बाकी अजून चालूच आहे. हल्ली ते एकत्र चहा पितात.

त्या दुपारी गुन्हा दाखल झाला. मारहाण, धमकी आणि तेढीचं कलम, तिन्ही. सुबोधचा फोन पंचनामा करून ठेवून घेतला. नीला मॅडमनी सगळं मुआनाला वाचून दाखवलं, अडलं तिथे थांबून अर्थ सांगितला आणि सही घेऊन प्रत त्याच्या हातात दिली. प्रत फुकट मिळते, हे एथेल आंटींना खरंच वाटेना. रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या की माझ्या पोराने आज खरा गोल केला, चला, फालुदा खाऊ. फालुदा खाताना रुचिरा नीला मॅडमनी काय काय लिहिलं तेच पुन्हा पुन्हा सांगत होती. इतकं मोठं काहीतरी आपल्या डोळ्यांदेखत हललं होतं.

चंद्रप्रकाशने दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ बंद ठेवून साक्ष दिली. रिक्षातून उतरलेल्या त्या बाईचाही पत्ता लागला. तिन्ही मुलं आठवड्याच्या आत सापडली. त्यांच्या कॉलेजने चौकशी बसवली आणि त्यांना वर्षभरासाठी काढून टाकलं. आमच्या कॉलेजने सर्वेशला रेकॉर्डिंग काढल्याबद्दल पदावरून उतरवलं, आणि सुबोधने पुढच्या सामन्याआधी माईकवरून, सगळ्यांसमोर, आपण काय म्हटलं होतं आणि ते का चुकीचं होतं ते सांगितलं. ते कुणी त्याला करायला लावलं नव्हतं. कोर्टात प्रकरण अजून उभं राहायचं आहे. तेढीच्या कलमासाठी सरकारची परवानगी लागते, तो कागद फिरतोय. मीरा टीचर म्हणतात, वेळ लागेल, चिकाटी धरा.

सगळं गोड झालं असंही नाही. रुचिराच्या फोनवर अनोळखी नंबरांवरून मेसेज आले. परबांची पोरगी असून बाहेरच्यांची बाजू घेतेस, तुला काय पडलंय, वगैरे. त्यातल्या एकाने घराचा पत्ता लिहिला होता. विद्याधर घाबरले. त्यांनी दोन दिवस तिला कॉलेजला सोडलं-आणलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच तिच्याबरोबर नीला मॅडमकडे गेले आणि ते मेसेज दाखवले. परतताना म्हणाले, पुसले नाहीस ते बरं केलंस. एवढंच. पण जानकी सांगते की त्या दिवसापासून ते दुकानात, कामावर, जो भेटेल त्याला मुलीची गोष्ट सांगत सुटलेत.

समान संधी कक्षाची पाटी आता जिन्याखालून हलून पहिल्या मजल्यावर आली आहे. मीरा टीचरांनी रुचिराला आणि मुआनाला तिथे बसवलंय. दोघं नव्या मुलांना सांगतात: त्रास झाला तर कुणाला तरी लगेच सांगा, काय बोलले ते विसरायच्या आत लिहून ठेवा, बघणारे असाल तर आधी माणसाला सांभाळा, मग बाकी, आणि त्याच्या वतीने निर्णय घेऊ नका. शेवटचं रुचिरा सांगते, जरा खाली मान घालून. मुआना मुलांना विचारतो, त्यांनी त्याला का मारलं? पोरं म्हणतात, हरले म्हणून. मग तो हसतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.

परवा मी चाळीच्या कठड्यापाशी उभा होतो. रुचिरा फोनवर बोलत होती, अर्थात सगळ्या चाळीला ऐकू जात होतं. बोरिवलीच्या एका कॉलेजातली मुलगी होती, ओळखीची नव्हती, कुणाकडून तरी नंबर मिळवलेला. तिच्या बाकावर कुणीतरी तिच्या जातीवरून काही कोरलं होतं, आणि मैत्रिणी म्हणत होत्या, घासून टाक, विषय संपव.

"घासलंस का?" रुचिराने विचारलं. थोडा वेळ ऐकून घेतलं. "नाही ना? मग राहू दे तसंच. फोटो काढ, आजची तारीख टाक. तुला काय करायचंय ते तू ठरव, घाई नाही. पण एकटी बसू नकोस. मी येते."

फोन ठेवून तिने चपला पायात सरकवल्या. आईने जेवून जा म्हणून हाक मारली. रुचिरा तोवर अर्ध्या पायऱ्या उतरली होती आणि उतरता उतरताच मुआनाला फोन लावत होती.